पाठीला पाठ

बातमी आली तेव्हा माझ्या बोटांना काजळी लागलेली होती. सकाळी कचेरीला निघण्याआधी, डोंबिवलीच्या आमच्या खोलीत, मी खिडकीत वाळत घातलेल्या फडक्याचं चित्र काढत बसले होते. दारात कोपरीचे दामूकाका येऊन उभे राहिले. आत्याच्या शेजारच्या गोदूकाकूंचे ते यजमान. टोपी हातात होती. दामूकाका कधी टोपी काढत नसत, त्यामुळे ते बोलायच्या आधीच मला कळलं... "यमुताई गेल्या," ते बाबांना म्हणाले. "सकाळी देवापुढे दिवा लावला आणि नेहमीसारख्या भिंतीला टेकून बसल्या. ही म्हणाली, वही काढत असतील, आत्ता हाक नको मारायला." बाबा होते तिथेच खाली बसले. मी बोटं पुसू लागले. काजळीत डिंक घातलेला असतो, ती लवकर निघत नाही. कोपरीला पोचेपर्यंत मी रुमालाच्या एकाच कोपऱ्याने ती पुसत होते.

यमुआत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. ठाण्याच्या स्टेशनापलीकडे कोपरीत, खाडीच्या बाजूला, तिच्या दोन खोल्या होत्या. आतोबा मिठाच्या आगरावर कारकून होते. ते माझ्या जन्माआधीच वारले. मूलबाळ नव्हतं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या जूनमध्ये बाबांनी मला तिच्याकडे आणून ठेवलं. बाबांची नोकरी कल्याणला, घर डोंबिवलीला, आणि डोंबिवलीला तेव्हा भाताची खाचरं पुष्कळ होती पण इंग्रजी शाळा नव्हती. मुलीने इंग्रजीतूनच शिकावं हा बाबांचा हट्ट. म्हणून सोमवार ते शनिवार मी आत्याकडे आणि रविवारी घरी, असं ठरलं. शाळेत मराठी बोलायची बंदी होती, घरी इंग्रजी कुणाला बोलता येत नव्हतं, आणि मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. आत्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "बोलायचं नसेल तर नको बोलूस," पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "मलाही सकाळी बोलायला आवडत नाही. तू आपली लसूण सोल."

त्या काळी आमच्या आळीतल्या बऱ्याच बायका रामनामाच्या वह्या लिहीत. दुपारी भांडी आवरली की ओटीवर बसून ओळीखाली ओळ, रामाखाली राम. वही भरली की ती कापडात बांधून खाडीत सोडायची. आत्याचीही वही होती, पण ती लिहायची नाही, काढायची. आंघोळ, देवपूजा झाली की खिडकीकडे तोंड करून भिंतीला टेकून बसायची, मांडीवर वही घ्यायची आणि आदल्या दिवशी जे काही नजरेत भरलं असेल त्यातलं एक काढायची. एकच. खाडाखोड करायची नाही आणि मागची पानं उलटून बघायची नाहीत. कागद आतोबांच्या ट्रंकेतले, आगराच्या कचेरीतले जुने छापील फॉर्म, पाठकोरे. ते ती दाभणाने शिवून त्यांची वही करी. शाई घरची, दिव्यावर धरलेल्या वाटीतली काजळी आणि डिंकाचं पाणी. पिवळ्याला हळद, निळ्याला कपड्यांची नीळ. लाल रंगाला कुंकू. कपाळासाठी मिटलेली ती डबी तिने वहीसाठी उघडली होती. गोदूकाकूंनी ते एकदा पाहिलं आणि त्या काही बोलल्या नाहीत, पण बाकी वहीबद्दल त्यांचं बोलणं चालूच असे.

"यमुताई, आज किती झाला हो जप?"

"आज एक कोलंबी झाली."

"देवाच्या वहीत कोलंबी?"

"मत्स्यावतार चालतो ना तुम्हाला?"

"मासा निराळा आणि कोलंबी निराळी."

"बरं, देवळातल्या बुवांना विचारून घेते. तोवर सोवळ्यात ठेवते तिला."

बुवांचं नाव निघालं की मला हसू येई, कारण वहीची सुरुवात त्यांच्यापासूनच झाली होती. ती गोष्ट आत्याने मला एकदा तांदूळ निवडताना सांगितली. आतोबा गेल्यावर बुवांनी तिला रामनाम लिहायला सांगितलं, मन थाऱ्यावर येईल म्हणाले. ती लिहू लागली. "पण लिहायचा तो हात लिहायचा गं," आत्या म्हणाली, "मी तिथे नसायचेच. मी आगरावर असायचे, ह्यांचा डबा घेऊन उन्हात उभी." एका सकाळी खिडकीसमोरच्या तारेवर एक खंड्या येऊन बसला. राम लिहिता लिहिता तिचा हात वळला आणि कडेला खंड्याची चोच उमटली, मग डोकं, मग छातीचा पांढरा ठिपका. खंड्या उडाला तेव्हा तिच्या लक्षात आलं की तेवढा वेळ ती कुठेही गेलेली नव्हती. खंड्या होता आणि ती होती. "मग मी म्हटलं, हाच माझा जप. देव रोज काहीतरी दाखवतो. आपण पाहिलं, एवढं त्याला कळवायचं." एवढं बोलून तिने तांदळातला खडा उचलून बाजूला ठेवला. देवाधर्माबद्दल याहून जास्त ती माझ्याशी कधी बोलली नाही.

वर्षाची वही नारळी पौर्णिमेला खाडीत जाई. त्या दिवशी बंदरावर कोळ्यांची गर्दी, वाजंत्री, सजवलेल्या होड्या. या सगळ्यात आत्या एका कडेला उभी राहून भरतीच्या पाण्यात आपली पुडी सोडी आणि मागे न बघता वळे. मला ते बघवत नसे. मी रोज तिच्या खांद्यावरून डोकावलेली असे, त्यामुळे पुडीत काय काय आहे ते मला पाठ होतं. फुटक्या बरणीचं झाकण. गोदूकाकूंची टाच. पावाच्या तुकड्यावरून भांडणाऱ्या दोन मुंग्या. मिठाच्या ढिगावर पडलेली संध्याकाळची सावली, नुसत्या निळीने काढलेली. माझ्या शाळेतल्या चित्रांच्या पुस्तकांत असं काही नव्हतं. हे सगळं पाण्यात जातं आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही, याचा मला राग यायचा. मी अर्थात तो कधी बोलून दाखवला नाही.

मी पंधरा वर्षांची असताना शाळेत चित्रांचं प्रदर्शन ठरलं. निसर्गातल्या वस्तू बघून काढलेली चित्रं प्रत्येकीने आणायची होती. माझी चित्रं मला दाखवावीशी वाटत नव्हती. आत्याची वही त्या वेळी भरून, पिवळ्या कापडात बांधून देवांच्या कोनाड्यात ठेवलेली होती. पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. आत्या बाजारात गेली तेव्हा मी पुडी सोडली, वहीची शिवण उसवली, त्यातली सात पानं निवडून काढली आणि वही पुन्हा शिवून होती तशी ठेवली. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मी ही पानं वाचवते आहे. ते खरं होतं. प्रदर्शनात काहीतरी चांगलं न्यावं असं वाटत होतं, हेही तितकंच खरं होतं. आत्याची चित्रं आहेत असं सांगूनच मी ती देणार होते. वाक्य इंग्रजीत मनातल्या मनात जुळवलंही होतं. पण आमच्या मिसनी पानं हातात घेतली, एकेक करून पाहिली आणि माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मी तोंड उघडलं आणि मिटलं. इतके दिवस लपवून ठेवलंस, असं त्या म्हणाल्या. त्यांनी लाल शाईचं पेन काढून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात माझं नाव लिहिलं. सात वेळा लिहिलं. सात वेळा मला बोलता आलं असतं...

पौर्णिमेला बंदरावर आत्याने पुडी हातात घेतली, जराशी तोलली आणि माझ्याकडे बघितलं. "या वर्षी हलकी झाली," ती म्हणाली आणि पाण्यात सोडली.

प्रदर्शनाला आई-बाबा डोंबिवलीहून आले आणि आत्यालाही बरोबर घेऊन आले. पांढरं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन आत्या त्या मोठ्या हॉलमध्ये आली तेव्हा मी खांबाआड होते. बाबा इंग्रजी वाचू शकत. भिंतीवर माझं नाव बघून ते इतके हरखले की त्यांनी आत्याचा हात धरून तिला चित्रांपुढे नेलं. "अक्का, बघितलंस? तुझ्याकडे पोर ठेवली त्याचं सार्थक झालं." आत्याने सातही चित्रं पाहिली. सावकाश, दुसऱ्या कुणीतरी काढलेली चित्रं बघावीत तशी. मिस जवळ आल्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत माझं कौतुक करू लागल्या. आता ती सांगणार, असं मला वाटलं. आत्याने मिसना नमस्कार केला आणि मराठीत म्हणाली, "पोरीची नजर चांगली आहे." ते तिने विचार करून म्हटलेलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. वहीच्या एवढ्या पानांतून ती सात मी निवडली होती. खोटं तिला बोलायचं नव्हतं आणि मला उघडंही पाडायचं नव्हतं.

आई-बाबांना गाडीत बसवून घरी परतताना स्टेशनच्या पुलावर आम्ही दोघीच होतो. कठड्याशी ती थांबली. मी मान खाली घालून उभी राहिले.

"त्या कावळ्याचा पाय चुकलाय," ती म्हणाली.

"काय?"

"बोटं पुढे तीन असतात आणि मागे एक. मी दोन-दोन काढली. ती पोपटाची. मांडीवर कळलं नव्हतं, भिंतीवर कळलं."

एवढंच. घरी आल्यावर तिने आमटी टाकली, मी पाट मांडले. रात्रीचं जेवण रोजच्यासारखंच झालं.

पण दुसऱ्या दिवसापासून तिची वही थांबली. ती बसायची रोज. वही मांडीवर घ्यायची, बोरू शाईत बुडवायची, खिडकीबाहेर बघत राहायची आणि मग बोरू पुसून ठेवून द्यायची. नवी वही पहिल्या पानापासून कोरी होती. मी आशेने दिवस मोजत होते, आज तरी, उद्या तरी... गणपती गेले. दसरा गेला. आतोबा गेल्यानंतर तिने स्वतःसाठी एकच गोष्ट शोधून काढली होती आणि ती मी मोडली होती. मी शाळेत जात होते, अभ्यास करत होते, पण माझ्या मनात दुसरं काही नसे. शेवटी दिवाळीच्या आधी एका सकाळी, ती बोरू पुसत असताना, मी विचारलं, "का काढत नाहीस?"

आत्याने बोरू खाली ठेवला. "पूर्वी खंड्या असायचा आणि मी असायचे," ती म्हणाली. "आता बसले की तुझ्या मिसबाई येऊन मागे उभ्या राहतात. बऱ्या बाई आहेत, त्यांचा काही दोष नाही. पण यांना आवडेल का, असं हात विचारतो. हाताने असं विचारलं की मी पुन्हा तिथे नसते."

मला रडू आलं. मी ट्रंकेमागे लपवून ठेवलेली ती सात पानं काढून तिच्यापुढे ठेवली. "मी चोरली," मी म्हटलं.

"माहीत आहे. टाके तुझे होते. तुझे टाके लांब पडतात."

"तू रागावली आहेस?"

"होते. दसऱ्यापर्यंत."

मी म्हटलं, ही पानंही आता खाडीत सोड, म्हणजे सगळं पहिल्यासारखं होईल. तिने एक पान उचललं आणि कोपऱ्यातल्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ते माझं नाव आहे हे तिला कळलेलं होतं. "जित्याजागत्या पोरीचं नाव मी पाण्यात सोडू? तुझी आई मला काय म्हणेल?" मी ब्लेड आणायला उठले. नाव खरवडून काढीन म्हटलं. तिने मला हाताला धरून खाली बसवलं. "कागद फाटेल. आणि असं घरात बसून खोडण्यात काय आहे? नाव चार लोकांत लिहिलंय, मालू, ते चार लोकांतच खोड. आत्ता नको. तुला जमेल तेव्हा."

मग ती एकदम म्हणाली, "उठ. इकडे ये. अशी बस." तिने मला खोलीच्या मध्यावर बसवलं आणि माझ्याकडे पाठ करून स्वतः बसली. तिची पाठ माझ्या पाठीला टेकली. "आता मागे कोण आहे ते मला कळत राहील," ती म्हणाली. "मिसबाईंना इथे शिरायला जागाच नाही. तूही तुझं काहीतरी काढ. मी बघणार नाही, तूही बघायचं नाहीस." तिने एक पाठकोरा कागद खांद्यावरून माझ्याकडे दिला. मी समोरच्या तांब्याकडे बघत बसले. पहिल्या दिवशी आम्ही दोघींनीही काही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तांब्याची कड काढली, ती वाकडी आली. चौथ्या की पाचव्या दिवशी मी तांब्याच्या गळ्यापाशी आले होते आणि माझ्या पाठीला काहीतरी जाणवलं. आत्याच्या उजव्या खांद्याखालचं हाड हललं. थांबलं. पुन्हा हललं, आणि मग हलत राहिलं. मी श्वास धरून बसले. तांबा तसाच राहिला. तिने काय काढलं ते मला माहीत नाही. त्या दिवसानंतर तिच्या वहीतलं एकही पान मी पाहिलेलं नाही.

मॅट्रिक होईपर्यंत आम्ही रोज अशाच बसायचो. गोदूकाकू दारातून म्हणायच्या, "भांडण झालंय वाटतं आत्या-भाचीचं," आणि आत्या वळून न बघता म्हणायची, "हो, दोन वर्षं होत आली, मिटतच नाही." पुढे मी डोंबिवलीला परत गेले, कचेरीत टायपिंगची नोकरी लागली, आणि आत्या पुन्हा भिंतीला टेकून बसू लागली. सुटीच्या दिवशी मी गेले की ती उठून खोलीच्या मध्यावर यायची. मी बोलायला शिकले असं म्हणता येणार नाही. त्या सात पानांचा विषय तिने पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. ती माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली होती. जमेल तेव्हा, असं ती म्हणाली होती. मला दर वर्षी वाटायचं, अजून वेळ आहे.

दहाव्या दिवशी बाबा घाटावर गेले तेव्हा मी घरी दाराशी बसून होते. कावळा शिवणार नाही याची मला खात्री होती. तास होईल, दोन तास होतील, बाबा हात जोडून तिला एकेक वचन देतील, आणि कावळा लांब बसून राहील. तिचं काय राहिलं आहे ते मला एकटीलाच माहीत होतं. बाबा अर्ध्या तासात परत आले. "पिंड ठेवला आणि लगेच शिवला," ते म्हणाले. "अक्काचं काहीसुद्धा मागे राहिलं नव्हतं." आई डोळे पुसत म्हणाली, भाग्याची गं बाई. मी आत गेले आणि कपाटाला डोकं टेकून उभी राहिले. तिने माझ्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं... राहिलं होतं ते माझं होतं.

म्हणून हे लिहिते आहे. मराठीत एवढं लांब मी यापूर्वी कधी लिहिलेलं नाही, चुका असतील. आमच्या शाळेच्या त्या प्रदर्शनात माझ्या नावाने लावलेली सातही चित्रं माझी नव्हती. ती माझी आत्या यमुना हिने काढली होती. मिसना आणि आईबाबांना, आणि ज्यांनी त्या दिवशी मला शाबासकी दिली त्यांनाही, हे आता कळेल. या लेखासोबत एखादं चित्र छापायला द्याल का, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. त्यांना कारण सांगितलं तेव्हा ते समजले.

कोपरीची खोली महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे आहे. गेल्या रविवारी लेख इथवर लिहून झाल्यावर मी तिथे गेले. सात पानं बरोबर नेली होती. वाटीत काजळी धरली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि तिच्याच बोरूने एकेका कोपऱ्यातलं माझं नाव काळं केलं. कागद फाटला नाही. आता ती पानं पाण्यात जाऊ शकतील. तिची शेवटची वही कोनाड्यात आहे. ती मी मागच्या बाजूने उघडली, भरलेल्या पानांपर्यंत जाऊ नये अशा बेताने. पन्नासेक पानं कोरी आहेत. आमच्याकडे अर्धवट वही खाडीत सोडत नाहीत, आणि श्रावणाला अजून अवकाश आहे.

खिडकीसमोरच्या भिंतीवर, ती जिथे टेकून बसायची तिथे, तेलकट असा एक डाग पडलेला आहे. वर डोक्याचा गोल आणि खाली पाठीची रुंदी. दामूकाका म्हणाले होते, खोली सोडताना चुना मारून द्यावा लागेल. शेवटची वही कोऱ्या पानावर उघडून मांडीवर घेतली आणि मी त्या डागाला पाठ लावून बसले. भिंत गार होती. बाहेर तारेवर काहीच नव्हतं, खाली एक कावळा दगडावर उभा होता. मी त्याच्या पायांकडे बघत राहिले. पुढे तीन, मागे एक. पाठीमागून काही हलेल म्हणून मी वाट बघत होते, हे कळत असूनही की तिथे भिंत आहे... पुष्कळ वेळाने उजव्या खांद्याखालचं हाड हललं. ते माझं होतं.